वाजवणारा कोण?

आम्ही काही जॅझवेडे अधूनमधून मुंबईत कोणाच्या तरी घरी जमतो. प्रत्येकाने एक तबकडी किंवा रेकॉर्डिंग आणायचं, सगळ्यांना ऐकवायचं आणि तेच का आणलं ते सांगायचं. त्या बैठकींतून आणि वादकांशी झालेल्या गप्पांतून जे पदरात पडलं, ते इथे मांडतो.

१. दुसऱ्याला ऐकवायचं तर एकच ऐकवा.
लांबलचक याद्या कोणी ऐकत नाही. माइल्स डेव्हिसचा १९५९चा ‘काइंड ऑफ ब्लू’ नवख्याला द्यायचा, तर मी फक्त पहिली रचना लावतो, ‘सो व्हॉट’. त्यात पॉल चेंबर्सचा डबल बास काहीतरी विचारतो आणि बाकीचे दोन सुरांत उत्तर देतात. मग माइल्सचा ट्रम्पेट सुरू होतो आणि नेमक्या त्या वेळी जिमी कॉब सिंबलवर एक टोला देतो. तो नाद विरत जातो आणि ट्रम्पेट त्याच्यावर पाय ठेवून पुढे निघतो. ‘हा टोला ऐक’ एवढं आधी सांगितलं की ऐकणारा शेवटपर्यंत जागचा हलत नाही. कान कुठे लावायचा ते दाखवावं. आवडणं त्याच्यावर सोडावं.

२. पाकिटाची मागची बाजू वाचा.
जॅझच्या तबकडीवर बहुधा प्रत्येक वादकाचं नाव छापलेलं असतं. एका नावाचा माग काढत दुसऱ्या तबकडीवर जावं. ‘काइंड ऑफ ब्लू’वरचे चेंबर्स जॉन कोल्ट्रेनच्या ‘जायंट स्टेप्स’वरही भेटतात.

३. आपल्याकडे ही नावं छापलीच गेली नाहीत.
ही गोष्ट मला सर्वांत जास्त लागते. पोर्तुगीज काळातल्या गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवत. ती मुलं पोटासाठी मुंबईला आली. १९३५मध्ये लिऑन अ‍ॅबी आपला कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्या पाठोपाठ क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड आले. त्यांच्याकडून गोव्याच्या वादकांनी जॅझ उचलला आणि पुढे तो सिनेमात नेला. हळदोण्याचे अँटोनियो झेवियर वाझ म्हणजेच चिक चॉकलेट. त्यांनी संगीतकार सी. रामचंद्रांबरोबर काम केलं आणि १९५१च्या ‘अलबेला’त त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. त्यातल्या भगवानदादांच्या नाचावर ताल धरणाऱ्या किती मराठी घरांना चिक चॉकलेट हे नाव ठाऊक आहे?
माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांचं नाव तेवढं देशभर झालं, तेही १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यामुळे. त्या गाण्याच्या संगीतकारांपैकी प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले होते. गुरूचं नाव त्यांनी असं जपलं. बहुतेकांना मात्र ते पडद्यावरच्या एका पात्राचं नाव वाटतं.

४. वादकाचा दिवस कसा जातो ते विचारा.
१९४९च्या दारूबंदी कायद्याने मुंबईतल्या क्लबांची रया गेली. काही वादक कलकत्त्याला गेले, अनेकांनी सिनेमाचे स्टुडिओ धरले. संगीतकार पेटीवर चाल ऐकवायचे. ती स्वरलेखनात उतरवून कोणत्या वाद्याने कुठे काय वाजवायचं हे ठरवण्याचं काम अरेंजरचं. शंकर-जयकिशन यांच्याकडे ते सेबॅस्टियन डिसूझा करत. वादकापुढे कागद यायचा, थोडी तालीम व्हायची की लगेच टेक. सगळे एकाच वेळी वाजवत असल्यामुळे एकजण चुकला तर पुन्हा पहिल्यापासून.
मला भेटलेले एक वयस्क सॅक्सोफोनवादक गप्पांच्या मध्येच रीड, म्हणजे वाद्याच्या तोंडाशी बसवायची पातळ पट्टी, तोंडात धरून बसले. कोरडी रीड नीट वाजत नाही, ती आधी ओली करून घ्यावी लागते. स्टुडिओत लिहिलेलंच वाजवायचं आणि रात्री हॉटेलात मनातलं वाजवायचं, अशी त्यांनी आपल्या दिवसाची वाटणी सांगितली. घर चाललं ते स्टुडिओवर.

५. हातावरचं पोट न्यूयॉर्कमध्येही होतं.
तिथे दारू मिळणाऱ्या क्लबात वाजवायला पोलिसांचं कार्ड लागे. १९५१मध्ये पियानोवादक थेलोनिअस मंकचं कार्ड गेलं आणि १९५७पर्यंत आपल्याच शहरातल्या क्लबांची दारं त्याला जवळपास बंद राहिली. त्याचा पियानो ऐकताना ही वर्षं माझ्या मनातून जात नाहीत.

६. तिकीट काढून ऐका.
१९७८मध्ये निरंजन झवेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव सुरू केला. सॉनी रॉलिन्ससारखा सॅक्सोफोनवादक इथे येऊन वाजवून गेला. असे सोहळे रसिकांच्या पैशावर आणि काही वेड्या माणसांच्या मेहनतीवर उभे राहतात. ओळख आहे म्हणून फुकट वाजवायला बोलावणं मला अजिबात पटत नाही. वादकाला ठरलेला पैसा द्यावा आणि त्याच रात्री द्यावा.

७. जुन्या वादकांकडून लिहून घ्या.
तुमच्या शेजारी, नात्यात किंवा गोव्यातल्या गावात कोणी स्टुडिओत वाजवलेलं असेल, तर त्यांच्याकडे जाऊन बसा. कोणत्या गाण्यात त्यांचा ट्रम्पेट किंवा व्हायोलिन आहे, कोणत्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण झालं, शेजारी कोण बसलं होतं, बिदागी किती मिळाली, सगळं विचारा. गाणं लावून त्यांना तो तुकडा दाखवायला सांगा आणि फोनवर त्यांचं बोलणं टिपून ठेवा. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका. त्या पिढीतले फार थोडे आता आपल्यात आहेत.