पाळी पुढे ढकलायची गोळी

श्रावणात मंगळागौर आणि सत्यनारायण, भाद्रपदात गौरी-गणपती, मग नवरात्र, आणि तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई. या सगळ्या काळात घराघरांतून एक गोळी मागवली जाते. तिचं नाव नॉरएथिस्टेरॉन. या नावाने ती फारसं कुणी मागत नाही. ‘पाळी पुढे ढकलायची गोळी’ म्हटलं की केमिस्टला समजतं. चिठ्ठी विचारली जात नाही. वय, वजन, आधीचे आजार यांबद्दल तर कुणी काहीच विचारत नाही.

माझ्या धाकट्या बहिणीला ती जावेने आणून दिली. “मी दर वर्षी घेते, काही होत नाही,” एवढ्या हवाल्यावर. सासरी संगमेश्वरकडे गौरी बसतात, सोवळ्याचा स्वयंपाक असतो, आणि तारीख नेमकी गौरीपूजनाच्या दिवशी येत होती. पाळी चुकवायचीच, हे घरात ठरलं. ज्या शरीरात गोळी जाणार होती, त्या शरीराला कुणी विचारलं नाही. देहाच्या विटाळावर सोयराबाईने चौदाव्या शतकात अभंगातून थेट प्रश्न केला होता. तिचे अभंग गाणाऱ्या घरांतही या बाबतीत पालट नाही.

ठाण्याहून रात्रीची बस. महामार्गावर गणपतीची वाहतूक तुंबलेली, त्यामुळे रात्रभर आणि वर अर्धा दिवस ती एकाच सीटवर पाय लोंबते ठेवून बसून होती. गावी पोचली ती थेट चुलीपुढे. डाव्या पोटरीत कळ सुरू झाली ती पूजनाच्या दिवशी. प्रवासाचा शीण, असं सगळे म्हणाले. गावातल्या डॉक्टरांनी वेदनाशामक गोळी आणि चोळायला मलम दिलं. परत येईपर्यंत पाय मांडीपर्यंत सुजला होता, कातडी ताणून चकचकीत झाली होती, आणि हात लावला की तो पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागत होता.

शेवटी कलर डॉपलर झाली. तपासणाऱ्या बाईंनी प्रोब पायावरून फिरवता फिरवता विचारलं, “गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत?” बहीण नाही म्हणाली. “दुसरं कुठलं औषध?” त्यालाही नाही. त्या थांबल्या आणि त्यांनी प्रश्न बदलून विचारला, “गेल्या महिन्याभरात हार्मोनची एखादी गोळी?” बहीण माझ्याकडे बघायला लागली. “ताई, ती पाळीची… ती धरायची का?”

त्या क्षणी मला सगळं लख्ख कळलं. आधीच्या दोन डॉक्टरांनी ‘काही औषध घेताय का’ एवढंच विचारलं होतं आणि तिने प्रामाणिकपणे ‘नाही’ सांगितलं होतं. कारण ही गोळी औषध आहे, असं तिला कुणीही, कधीही सांगितलं नव्हतं. पायातल्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. डॉक्टर तिला डीव्हीटी म्हणतात. तीच गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो.

आता या गोळीबद्दल. नॉरएथिस्टेरॉन हे प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं कृत्रिम संप्रेरक. १९५१ साली मेक्सिको सिटीत सिंटेक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत कार्ल जेरासी यांच्या चमूतल्या लुइस मिरामोंतेस या तरुण रसायनशास्त्रज्ञाने ते तयार केलं, आणि पुढे गर्भनिरोधक गोळ्यांच्या इतिहासात त्याला मोठं स्थान मिळालं. महिन्याच्या शेवटी शरीरातलं प्रोजेस्टेरॉन उतरतं म्हणून गर्भाशयाचं अस्तर सुटतं आणि पाळी येते. गोळी त्याची जागा घेते, अस्तर धरून ठेवते. ती बंद केली की साधारण दोन-तीन दिवसांत पाळी येते.

प्रश्न मात्रेचा आहे. याच द्रव्याच्या गर्भनिरोधक ‘मिनी पिल’मध्ये रोजचे ०.३५ मिलिग्रॅम असतात. पाळी ढकलायला घेतात ते ५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. म्हणजे रोजचे १५ मिलिग्रॅम, चाळीस पटींहून अधिक. शिवाय शरीरात गेल्यावर त्यातल्या थोड्या भागाचं एथिनिल एस्ट्राडिऑल बनतं. नेहमीच्या संयुक्त गर्भनिरोधक गोळीत असतं तेच हे इस्ट्रोजेन. दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम घेतले तर ते साधारण २० ते ३० मायक्रोग्रॅमच्या घरात जातं, म्हणजे कमी मात्रेच्या संयुक्त गोळीइतकंच. इस्ट्रोजेनने गुठळीचा धोका वाढतो, ही गोष्ट नवी नाही. ब्रिटनमध्ये १९६९ सालीच डॉक्टरांना ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त इस्ट्रोजेनच्या गोळ्या टाळायला सांगण्यात आलं होतं.

बहुतेक बायकांना या गोळीने काही होत नाही, हे खरं आहे. माझ्या बहिणीच्या जावेलाही झालं नाही. पण आमच्या आईला बाळंतपणात पायात गुठळी झाली होती, आणि पुढे तासन्‌तास बसून करायचा प्रवास होता. या दोन गोष्टी विचारायला एक मिनिट पुरलं असतं.

नंतर काय ऐकावं लागलं? सासूबाई म्हणाल्या, तिची प्रकृतीच नाजूक. गावातले डॉक्टर फोनवर म्हणाले, “मला आधी सांगायला हवं होतं.” सुजलेला, गरम पाय समोर होता, तिशीतली बाई होती. हार्मोन घेतलं का, हे विचारणं त्यांचं काम होतं. रक्त पातळ करणारी औषधं किमान तीन महिने चालली, त्यात पाळीला रक्तस्राव इतका वाढला की तिला ऑफिसला जाणं अवघड झालं. जावेचा एक फोनही आला नाही.

म्हणून ज्यांच्या घरी पुढच्या सणाची तारीख मोजली जातेय त्यांच्यासाठी. गोळी नेहमीच्या तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करावी लागते, तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञांकडे त्याच्याही आधी जा. स्वतःला किंवा आई, बहीण यांना गुठळी झाली असेल, वजन फार असेल, सिगारेट ओढत असाल, नुकतंच बाळंतपण किंवा ऑपरेशन झालं असेल, डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठत असेल, काविळीचा किंवा यकृताचा त्रास असेल, तर विचारायची वाट न बघता सांगा. अशा वेळी मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन हा पर्याय आहे का, हे नाव घेऊन विचारा. त्याचं एथिनिल एस्ट्राडिऑल होत नाही. दिवस राहिल्याची शंका असेल तर गोळी नकोच. आणि या गोळीवर असताना दिवस राहणार नाहीत, असं समजू नका.

लांबच्या प्रवासात उठून चाला, पाणी प्या. एकाच पायाला सूज, कळ, उष्णता आली तर मलम चोळत बसू नका, मालीश तर नाहीच. त्याच दिवशी डॉपलरचा आग्रह धरा. धाप लागली, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त आलं तर थेट मोठ्या रुग्णालयाची कॅज्युअल्टी. कुठल्याही डॉक्टरने औषधांबद्दल विचारलं की ही गोळी नावासकट सांगा, बंद करून काही आठवडे झाले असले तरी. आणि एकदा गुठळी झाली की पुढे गर्भनिरोधकाचा, पाळी थांबल्यावरच्या हार्मोनचा, बाळंतपणाचा विषय निघेल तेव्हा ती नोंद दाखवायची. बहिणीचा डॉपलरचा रिपोर्ट आता तिच्या फोनमध्ये असतो.

मी त्या केमिस्टकडे गेले होते. “सगळ्याच नेतात,” एवढं बोलून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद रुग्ण स्वतः करू शकतो. भारतीय औषध सतर्कता कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक आहे, अर्ज मराठीतही मिळतो. आम्ही तो भरायला बसलो तेव्हा बिल नव्हतं, आणि दुकानदाराने स्ट्रिप कात्रीने कापून दिल्यामुळे बॅच नंबरचा तुकडा त्याच्याकडेच राहिला होता. पूर्ण स्ट्रिप मागा, बिल मागा, आणि पाळी येऊन जाईपर्यंत दोन्ही टाकू नका.