एका टाकीतील दोन शेजारी : झेब्रा आणि गुरामी

स्कॉटिश वैद्य व निसर्गशास्त्रज्ञ फ्रान्सिस हॅमिल्टन यांचा गंगा आणि तिच्या शाखांतील माशांविषयीचा ग्रंथ १८२२ साली एडिंबरो येथे प्रसिद्ध झाला. हॅमिल्टन यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत असताना बंगालच्या नद्या, बिले आणि भातखाचरे पालथी घातली होती. खाण्याच्या उपयोगाचे नसलेले बोटाएवढे मासेही त्यांनी तितक्याच आस्थेने नोंदले. पुढे जगभरच्या काचेच्या टाक्यांत जाऊन बसलेले दोन मासे याच ग्रंथात प्रथम वर्णिलेले आहेत : अंगावर निळे आडवे पट्टे असलेला झेब्रा डॅनिओ आणि तांबड्या-निळ्या तिरप्या पट्ट्यांचा छोटा गुरामी. 'डॅनिओ' हे नाव 'धानी' या बंगाली लोकनामावरून, म्हणजे भातशेतीवरून आले. गुरामी दीर्घकाळ 'कोलिसा' या प्रजातीत गणला जात असे. ते नावही बंगाली 'खलिशा'वरूनच घेतलेले आहे.

दोघेही एकाच खोऱ्यातले, दोघेही आकाराने लहान आणि दोघांचीही ख्याती शांत मासे अशी. तेव्हा त्यांना एकत्र ठेवण्यास हरकत कसली, असे नवख्या हौशी माणसाला वाटते आणि दुकानदारही तसेच सांगतो. हा सल्ला चुकीचा नाही. तो अपुरा आहे. या जोडीत चावाचावी क्वचितच होते, आणि म्हणूनच तिच्यात उद्भवणारी खरी आपत्ती बहुधा उशिरा लक्षात येते. गुरामी मरतो तो मार खाऊन नव्हे, उपाशी राहून.

हे कसे घडते ते पाहण्यासारखे आहे. झेब्रा हा सुमारे चार सेंटिमीटर लांबीचा, कळपाने राहणारा आणि सतत धावणारा मासा आहे. पाण्यावर अन्न पडताच सारा कळप तुटून पडतो. गुरामीची रीत वेगळी. त्याच्या पोटाखालचे पर दोऱ्यासारखे लांब झालेले असतात. त्यांनी तो वाटेतली वस्तू चाचपतो, थांबतो, पुन्हा चाचपतो आणि मग तोंड उघडतो. वनस्पतींनी भरलेल्या संथ आणि गढूळ पाण्यात ही सावधगिरी शहाणपणाची ठरते. टाकीत मात्र त्याची चाचपणी संपेपर्यंत जेवण संपलेले असते. निसर्गात तो दुसरीकडे निघून गेला असता. साठ सेंटिमीटर लांबीच्या टाकीत दुसरीकडे म्हणजे एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात एवढेच. काही दिवसांनी त्याचे पोट खपाटीस जाते, रंग फिके पडतात आणि तो पानांआड निश्चल राहू लागतो. मालक रोगाची शंका घेऊन पाण्यात औषध ओततो. रोग झालेला नसतोच असे नाही, कारण व्यापारी पैदाशीच्या गुरामींत एक घातक विषाणू आढळतो, आणि नवे मासे दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवणे यासाठीच इष्ट. परंतु औषधाची बाटली उघडण्यापूर्वी मासा खातो की नाही, हे दोन दिवस टाकीसमोर बसून पाहावे.

अन्न दुप्पट केल्याने हा प्रश्न सुटत नाही, उलट बिघडतो. झेब्रा अधिक खातात आणि उरलेले तळाशी कुजते. त्यातून व माशांच्या उत्सर्जनातून अमोनिया निर्माण होतो. वाळूवर आणि गाळणीत वाढणारे जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व मग पुष्कळच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात; पण हे जीवाणू पुरेसे वाढण्यास काही आठवडे लागतात. नव्या टाकीत पहिल्याच आठवड्यात मासे मरतात त्याचे कारण बहुधा हेच असते. खरा उपाय वेळेचा आणि जागेचा आहे. टाकीच्या एका टोकाला झेब्रांसाठी कोरडे अन्न चिमूटभर टाकावे, आणि कळप तेथे गुंतला असताना दुसऱ्या टोकाला, वनस्पतींच्या गर्दीत, गुरामीसाठी डासांच्या अळ्या किंवा तसेच जिवंत खाद्य सोडावे. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे; हवे तर दिवसातून दोनदा. मासे ही जागा लवकर ओळखू लागतात.

टाकीची मांडणीही याच तत्त्वावर करावी लागते. साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद आणि तीस उंच अशा टाकीचे आकारमान ५४ लिटर होते; वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्ष पाणी ४५ लिटरच्या आसपास. तीत आठ झेब्रा आणि गुरामीचा एक नर व एक-दोन माद्या सुखाने राहतात. झेब्रा दोन किंवा तीनच ठेवणे ही काटकसर नव्हे. कळप नसला की ते एकमेकांचा आणि शेजाऱ्यांचा पाठलाग करतात. गुरामीचे दोन नर मात्र घेऊ नयेत. येथे बाजाराची एक अडचण आड येते. मादी रुपेरी आणि बेताच्या रंगाची असल्याने ती दुकानात फारशी ठेवलेलीच नसते, आणि जोडी म्हणून दोन रंगीत मासे आणणारा गृहस्थ दोन प्रतिस्पर्धी घरी आणतो. पाण्याचे तापमान २४ ते २६ अंश सेल्सियस दोघांनाही मानवते.

हवेच्या बाबतीत दोघांची गरज एक नाही. गुरामीच्या कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत घड्याघड्यांचे एक इंद्रिय असते; चक्रव्यूहासारख्या रचनेमुळे त्याला लॅबिरिंथ इंद्रिय म्हणतात. त्याच्या साहाय्याने तो पृष्ठभागावर येऊन वातावरणातील हवा घेतो. झेब्राला पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनवरच भागवावे लागते. त्यामुळे पाणी बिघडू लागले की प्रथम झेब्रा वर येऊन धापा टाकतात आणि गुरामी स्वस्थ दिसतो. ही स्वस्थता फसवी आहे. झेब्रांकडे पाहूनच पाणी बदलावे. हवेचे बुडबुडे सोडणारा दगड एका टोकाला ठेवून दुसरे टोक संथ ठेवावे आणि तेथे तरंगणाऱ्या वनस्पती सोडाव्यात. टाकीवर झाकण हवेच : झेब्रा उड्या मारतात, आणि पाण्यावरची हवा उबदार व दमट राहणे गुरामीच्या हिताचे असते.

संथ टोकाचा आणखी एक उपयोग आहे. विणीच्या काळात गुरामीचा नर तेथे लाळेचे बुडबुडे सोडून तरंगते घरटे बांधतो आणि त्यात वनस्पतींचे तुकडे गुंफतो. अंडी बुडबुड्यांत वर तरंगून राहतात आणि दीड दिवसाच्या आत-बाहेर फुटतात. या दिवसांत दोन्ही शेजाऱ्यांची भूमिका उलटते. कालचा भित्रा नर झेब्रांवर धावून जातो आणि मादीलाही पिटाळतो. तिला लपण्यास दाट जागा नसेल तर ती जखमी होते, प्रसंगी मरतेही. झेब्रांची चपळाई त्यांना वाचवते, पण अंडी आणि पिल्ले त्यांच्या तोंडी पडण्याचा धोका उरतोच. पैदास करावयाची असल्यास जोडीला उथळ पाण्याच्या वेगळ्या टाकीत हलवावे, अंडी घातल्यावर मादीला काढावे आणि पिल्ले पोहू लागली की नरालाही.

झेब्राची विद्वत्तेच्या क्षेत्रातील कीर्ती गुरामीहून फार मोठी आहे. १९७०च्या दशकात ओरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्याच्यावर आनुवंशिकीचे प्रयोग आरंभिले आणि आज तो असंख्य प्रयोगशाळांत पाळला जातो. घरच्या टाकीत मात्र अधिक पाहण्याजोगा ठरतो तो दुसराच. पाण्याबाहेर पानावर बसलेला किडा दिसला की गुरामी कधी कधी त्याच्या खाली येऊन थबकतो, तोंड पृष्ठभागाला लावतो आणि पाण्याचा थेंब नेमका त्याच्यावर उडवतो. हे दृश्य दिसते ते संथ कोपऱ्यात, झेब्रांचा कळप दुसऱ्या टोकाला असताना.