शंका-समाधान : प्रकाश खरंच थकतो का?

प्रश्न : मी मेहकर तालुक्यात नववीला विज्ञान शिकवतो. परवा एका मुलाने मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला. त्यात म्हटलं होतं, विश्व प्रसरण पावतच नाही. लांबून येताना प्रकाश थकतो, म्हणून तांबडा दिसतो. मला उत्तर देता आलं नाही. इतकी वर्षं मुलांना चुकीचं शिकवलं की काय, हे डोक्यातून जात नाही.

उत्तर : तुम्ही चुकीचे शिकवलेले नाही, आणि मुलाची शंकाही रास्त आहे. ताम्रसृती (दूरच्या दीर्घिकांच्या वर्णपटातील रेषा तांबड्या टोकाकडे सरकलेल्या दिसणे) मोजता येते. वाद झाला तो तिच्या कारणाबद्दल. प्रकाश वाटेत ऊर्जा गमावत असावा, ही कल्पना १९२९ साली फ्रिट्झ झ्विकी यांनी मांडली. ते मोठे शास्त्रज्ञ होते. कल्पना तपासली गेली आणि टिकली नाही.

का टिकली नाही, ते मुलांना जरूर सांगा. एका जातीचे अतिनवतारे (स्फोट होऊन अचानक उजळणारे तारे) साधारण ठरावीक दिवसांत मंदावतात. प्रकाश नुसता थकत असेल, तर दूरच्या स्फोटाचा रंग बदलेल, दिवस तेवढेच राहतील. विश्व प्रसरण पावत असेल, तर दिवसही ताणले जातील. तरंगलांबी दुप्पट झाली असेल, तिथे २० दिवसांचा उतार ४० दिवस चाललेला दिसेल. प्रत्यक्षात तसेच दिसते. २०२४ साली सुमारे दीड हजार अतिनवताऱ्यांच्या मोजणीतूनही हेच निघाले.

पुराव्याने वाद कसा मिटतो, यासाठी आपल्या लोणार सरोवराच्या विवराचेच पाहा. भोवती सगळा ज्वालामुखीचा काळा पाषाण, म्हणून ते ज्वालामुखीचे मुख असावे असे अनेक जाणकार मानत. ते काही अडाणी नव्हते. पुढे तिथल्या खडकात मॅस्केलिनाइट (प्रचंड आघाताने खनिजाची झालेली काच) सापडल्याचे १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि उल्कापाताची बाजू पक्की झाली. वर्गाला तिथे नेऊन हा वाद सांगितलात, तर व्हिडिओ कसा पाहावा हे मुलांना आपोआप कळेल.

प्रश्न : मी खामगावला बीएस्सी करते. नारळीकर सरांच्या पुस्तकांमुळेच या विषयाकडे वळले. त्यांना महास्फोट (विश्वाचा आरंभ अतिउष्ण, अतिदाट अवस्थेतून झाला असे मानणारा सिद्धांत) मान्य नव्हता म्हणतात. परीक्षेत महास्फोट लिहिताना त्यांच्याशी बेइमानी केल्यासारखं वाटतं.

उत्तर : मनावरचे हे ओझे उतरवा. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल आणि जयंत नारळीकर ज्या स्थिर स्थिती सिद्धांताच्या (विश्वाला आरंभ नाही, ते सदैव सारखेच असते असे मानणारा सिद्धांत) बाजूने उभे राहिले, त्यातही विश्व प्रसरण पावतेच. नवे द्रव्य निर्माण होत राहते, एवढा फरक. १९९३ साली हॉईल, बर्बिज आणि नारळीकर यांनी त्याचे सुधारित रूप मांडले. ताम्रसृतीचे वेगळे कारणही नारळीकरांनी मांडून पाहिले होते : पूर्वी कणांचे वस्तुमान कमी असेल, तर जुना प्रकाश तांबडाच दिसेल.

सर्व दिशांनी येणारे, सुमारे २.७ केल्विन तापमानाचे सूक्ष्मलहरी प्रारण १९६५ मध्ये सापडले; ती उष्ण आरंभाची खूण मानली गेली, आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाकडे वळले. नारळीकरांनी त्याचाही पर्यायी खुलासा दिला; तो बहुतेकांना पटला नाही. पण त्यांनी दरवेळी गणित मांडले आणि ते तपासायला खुले ठेवले. मला त्यांचे मोठेपण यातच दिसते. तुम्ही पुरावा पाहून महास्फोट लिहिलात, तर त्यांच्याच वाटेने चालताय. पुढे संशोधन करायचे असेल, तर पुण्यात त्यांनी उभारलेल्या आयुका या खगोलशास्त्र केंद्रात जरूर चौकशी करा.

प्रश्न : माझा चौदा वर्षांचा मुलगा 'विश्व फाटणार' असं कुठंतरी ऐकून आलाय. महिना झाला, रात्री झोपत नाही, जेवण कमी झालं. पृथ्वी खरंच सूर्यापासून सुटेल का हो? (एक आई, चिखली)

उत्तर : नाही, ताई. 'विश्व फाटणार' ही कल्पना विश्वाच्या प्रसरणावरून निघाली; पण प्रसरण जाणवते ते दीर्घिकांच्या समूहांमधल्या अफाट अंतरांत. सूर्य आणि पृथ्वी गुरुत्वाकर्षणाने बांधलेली आहेत. आपल्या शेजारची देवयानी दीर्घिका तर दूर न जाता आपल्याकडे येते आहे, आणि ती पोचलीच, तरी अब्जावधी वर्षांनी.

मात्र महिनाभर झोप आणि जेवण बिघडणे हा खगोलशास्त्राचा प्रश्न नाही. मुलाला याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या. ते सुचवतील तर मानसोपचारतज्ज्ञांनाही दाखवा. टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर मोफत बोलता येते. त्याची भीती खोटी ठरवू नका, हसण्यावारीही नेऊ नका. आधी पूर्ण ऐकून घ्या.