कासव जेवत नाही म्हणतेस?

राणी, तुझा लांबलचक निरोप ऐकला. दोन कासवं, दोन्ही कोपऱ्यात तोंड खुपसून बसलेली, टोमॅटोला शिवत नाहीत, लेटसकडे बघत नाहीत. त्यात आईचा फोनवरून सल्ला: मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढ आणि टबभर पाण्यात सोड, आपोआप तरतरीत होतील. दृष्ट खुशाल काढ, त्याने कासवाचं काही बिघडत नाही. पाण्यात मात्र सोडू नकोस बाई. आपण लहानपणी विहिरीत आणि देवळाच्या तळ्यात बघितली ती पोहणारी कासवं. तुझ्या घरी आलीत ती हर्मन जातीची, इटली-ग्रीसकडच्या कोरड्या टेकड्यांवर पाला खात हिंडणारी. खोल पाण्यात ती बुडून मरतात.

आता तुझा प्रश्न. ‘ताई, काय खायला देऊ?’ असं तू चारदा विचारलंस. मी तुला उलट विचारते, दिव्याखाली तापमान किती आहे? माहीत नाही ना? मला वाटलंच होतं. इथल्या प्राण्यांच्या दवाखान्यात इतकी वर्षं नर्सचं काम करतेय, आणि ‘कासव जेवत नाही’ म्हणून येणारी माणसं नव्वद गोष्टी सांगतात. कुठली भाजी दिली, किती बारीक चिरली, हाताने कशी भरवली. थर्मामीटरचा आकडा सांगणारं क्वचित कुणी भेटतं.

आपल्याकडे जेवत नाही म्हटलं की लगेच काऊ-चिऊचे घास सुरू होतात, त्याला आपला इलाज नाही. पण कासवाच्या अंगात स्वतःची ऊब नसते. बाहेरून मिळेल तेवढीच. तुझ्या मँचेस्टरच्या बैठकीत आत्ता हीटिंग लावून १८-१९ अंश असतील. तुला शाल पुरते. कासवाचं पोट त्या तापमानाला जवळपास बंद असतं. भूक नाही, पचन नाही, चालायचा उत्साह नाही. अशा कासवापुढे ताटल्या बदलत राहणं म्हणजे गॅस न पेटवता पातेल्यातली डाळ ढवळत बसणं.

तेव्हा आधी हे कर. दिव्याच्या बरोबर खाली, जिथे कासव बसेल तिथे, त्याच्या पाठीच्या उंचीला थर्मामीटर धर. ३२ ते ३५ अंश हवेत. पेटीच्या दुसऱ्या टोकाला २० ते २२. दोन्ही टोकं हवीत, कारण तापून झालं की त्याला निवायला जागा लागते. सगळी पेटी एकसारखी गरम केलीस तर तेही वाईटच. फोटोत दिसतंय की तुझ्याकडचा थर्मामीटर काचेला वरच्या बाजूला चिकटवलाय. तो वरच्या हवेचं तापमान सांगतो आणि कासव काही तिथे राहत नाही.

दुसरा दिवा यूव्हीबीचा. ‘आमच्याकडे खिडकीतून छान ऊन येतं’ असं म्हणालीस. येत असेल, पण काचेतून यूव्हीबी किरण येत नाहीत. ते नसले की अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, ते नसलं की कॅल्शियम हाडात जात नाही, मग कवच मऊ पडतं, पाय लुळे होतात, जबड्यात चावण्याचं बळ उरत नाही. लोकांना वाटतं कासव आळशी झालं. या नळीची गंमत अशी की तिचा उजेड वर्षानुवर्षं दिसत राहतो आणि यूव्हीबी मात्र हळूहळू संपतं. तुझ्या नवऱ्याच्या ऑफिसातल्या गृहस्थांनी देश सोडताना सगळा संसार दिला, त्यात ही नळीही आली. कधीची आहे कोण जाणे. सरळ नवी आण, आणि तिच्यावर मार्करने तारीख लिही. वर्षाने बदल. दिवे दिवसाला १२-१३ तास चालू, रात्री बंद. टायमर लाव म्हणजे तुझ्या लक्षात राहण्याचा प्रश्नच नको.

आणि ती काचेची पेटी काढून टाक. चारी बाजूंनी आरपार दिसतं म्हणून कासवं दिवसभर काचेवर पाय घासत राहतात, नाहीतर खचून एका कोपऱ्यात बसतात. वरून उघडी, लांबट लाकडी पेटी हवी. जुनं पुस्तकांचं कपाट आडवं केलं तरी काम भागतं. आत बोटभर का होईना उकरता येईल अशी माती, आणि लपायला एखादं उपडं मडकं.

आता जरा नाजूक विषय. तू म्हणतेस, ‘दोघं आहेत म्हणजे एकमेकांना सोबत होते.’ अगं, सोबत आपल्याला लागते. कासवाला दुसरं कासव म्हणजे बहुतेक वेळा जागेतला भागीदार. तुझा व्हिडिओ मी तीनदा बघितला. मोठं दिव्याखाली पसरलंय, धाकटं पुढे येतं, मोठं नुसती मान पुढे काढतं, आणि धाकटं वळून परत अंधारात. मारामारी नाही, चावणं नाही, काही नाही. पण धाकट्याला ऊबच मिळत नाहीये. भुकेचं काय घेऊन बसलीस! दोघांना आजच वेगळं कर. दोन पेट्या, दोन दिवे, दोन ताटल्या. खर्च होईल, कुरकुर होईल, तरी कर. आणि दोघं एकमेकांना दिसणारही नाहीत असं बघ.

ही सोय झाली की मग अंघोळ. पसरट भांडं घे, त्यात हाताला कोमट लागेल इतपत पाणी, खोली किती तर पाठीचं आणि पोटाचं कवच जिथे जुळतं तिथपर्यंत. मान आरामात वर राहिली पाहिजे. पंधरा-वीस मिनिटं ठेव आणि तिथेच बस, फोन बाजूला ठेवून. पहिली काही मिनिटं ते भांड्याच्या कडेला नाक लावून बाहेर पडायला बघेल. मग एकदम थबकेल, मान लांब करून पाण्यात बुडवेल, आणि गळा हलताना दिसेल. पितंय ते. त्यानंतर बहुतेक वेळा शेपूट बाजूला करून पाण्यातच सगळं उरकेल. ते पाणी ओतू नकोस लगेच, नीट बघ. लघवीबरोबर पांढरं काहीतरी पडतं. ते मऊ, साईसारखं असेल तर ठीक. बोटाला वाळूसारखं खरखरीत लागलं तर अंगात पाणी फार कमी पडलंय. शी झालीच नाही, सलग बरेच दिवस, तर तेही लिहून ठेव. (हात साबणाने धू हं, आणि लेकीलाही लाव धुवायला. कासवाच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. स्वयंपाकघरातलं भांडं वापरू नकोस हे सांगायला नको.)

रोज सकाळी दिवे लागल्यावर तासाभराने ही अंघोळ, अंग पुसून दिव्याखाली, आणि मग समोर खाणं. सकाळी थंड अंगासमोर खाणं ठेवून ते उचललं नाही म्हणून रडायचं नाही.

खाण्याबद्दल थोडक्यातच सांगते, कारण तो भाग सोपा आहे. जे तुझे शेजारी लॉनमधून उपटून फेकतात ते यांचं पक्वान्न. डँडेलियनची पानं-फुलं, क्लोव्हर, प्लँटेन, सो थिसल. औषध मारलेल्या लॉनवरचं आणि रस्त्याकडेचं नको. थंडीत ते मिळेनासं झालं की चिकोरी, रॉकेट, वॉटरक्रेस. जास्वंदीची पानं-फुलं तर फारच आवडीची. आणि ऐकून हसशील, आपल्याकडे बांधावर माजलेला फड्या निवडुंग, काटे काढून, हाही त्यांना चालतो. तंतू भरपूर आणि कॅल्शियमही. कॅल्शियमसाठी कटलफिशचं हाड पेटीत टाकून ठेव, त्याच्या मनात आलं की कुरतडेल. पालक सारखा नको. फळं नकोत, केळं तर नकोच; यांचं पोट चाऱ्याचं आहे, साखर आत जाऊन आंबते आणि हगवण लागते. टोमॅटो-काकडीची चटक लागलेलं कासव पाल्याला नाक मुरडतं, यांच्या आधीच्या मालकांनी बहुधा तेच केलंय. नुसतं आइसबर्ग लेटस म्हणजे हिरवं पाणी.

आता तुझी खरी भीती. ‘थंडी आली म्हणून ते झोपायला निघालेत का?’ असू शकतं. दिवस लहान झाला की यांची भूक मंदावते, हे त्यांच्या हाडातच आहे. हॅम्पशरमधल्या सेलबोर्न गावच्या गिल्बर्ट व्हाइट नावाच्या पाद्र्याने अडीचशे वर्षांपूर्वी आपल्या आत्याचं कासव सांभाळलं. ते नोव्हेंबरात जमीन उकरून आत जाई आणि एप्रिलच्या सुमारास वर येई, याच्या बारीक नोंदी त्याने ठेवल्या. त्याचं पुस्तक १७८९ साली निघालं. कासवाचं नाव ठेवलं होतं टिमथी, आणि मेल्यावर कळलं की ती मादी होती! तिचं कवच अजून लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. लेकीला सांग, तिला मजा वाटेल.

पण शीतनिद्रा म्हणजे गारठ्यात पडू देणं नव्हे. ती साधारण ५ अंशांवर होते, लोक त्यासाठी वेगळा फ्रिज ठेवतात, रोज तापमान बघतात. आधी काही आठवडे खाणं बंद करून, अंघोळी घालून पोट रिकामं करावं लागतं, नाहीतर आतलं अन्न कुजतं. झोपेत वजन महिन्याला १ टक्क्याच्या आसपासच उतरावं लागतं. तुझी कासवं आत्ता आहेत ती १८-१९ अंशांच्या मधल्या अवस्थेत. पचवायला फार गार, झोपायला फार गरम. नुसती अंगातली शिल्लक जळतेय. माझं स्पष्ट मत, या वर्षी त्यांना निजवू नकोस. जे कासव जेवत नाही, ज्याचं मागचं काही माहीत नाही, त्याला शीतनिद्रेत पाठवायचं नसतं. उजेड आणि ऊब पूर्ण दे, हिवाळा जागेपणी काढू दे. पुढच्या वर्षी बघू.

स्वयंपाकाचा डिजिटल काटा जुना झाला असेल तर तो यांच्या नावाने करून टाक. दर रविवारी अंघोळीआधी वजन, ग्रॅममध्ये, वहीत. ‘बारीक झाल्यासारखं वाटतं’ हे मला सांगू नकोस. कवचामुळे डोळ्यांना काही कळत नाही, आकडा कळतो.

ऊब मिळाल्यावर आठवडाभरात भूक दिसायला लागायला हवी. नाही दिसली तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या व्हेटकडे जायचं, कुत्र्या-मांजरांच्या कुठल्याही दवाखान्यात नाही. आणि काही गोष्टींसाठी आठवडाही थांबायचं नाही: नाकातून बुडबुडे किंवा पाणी, तोंड उघडून श्वास, सुजून मिटलेले डोळे, तोंडात पांढरट चिकट थर, दाबल्यावर कवच मऊ लागणं, मागचे पाय ओढत चालणं. मादी असेल आणि सारखी उकरत असेल, कुंथत असेल, तर अंडी अडकलेली असू शकतात. नर नसला तरी ती अंडी घालते. जाताना ताजी शी डबीत घेऊन जा, जंत तपासतात. जंतांचं औषध मनाने द्यायचं नाही. आपल्या मामाकडे गाईगुरांना देतात ते आयव्हरमेक्टिन कासवांना जीवघेणं ठरतं, एवढं एक नाव पक्कं लक्षात ठेव. थंड पडलेल्या कासवाला चिमट्याने तोंड उघडून भरवायचं नाही, तेही.

कागदांचंही बघून घे. हर्मनची विक्री इथे आर्टिकल १० च्या प्रमाणपत्राशिवाय करता येत नाही. तुम्हाला फुकट मिळाली म्हणतेस, तरी त्या गृहस्थांना एक मेल टाकून जुने कागद आणि मायक्रोचिपचा नंबर मागव.

आणि हो, पुण्याची आपली धाकटी बहीण तुझे फोटो बघून ‘मलाही एक हवं’ म्हणायला लागलीय. तिला तूच समजाव, माझं ऐकत नाही. तिला कुणीतरी ताऱ्यांच्या नक्षीचं कासव आणून देतो म्हणालाय, वास्तूला चांगलं म्हणे. ते स्टार कासव आपल्या वन्यजीव कायद्यात पहिल्या परिशिष्टात आहे. घरात ठेवलं तर प्रकरण तुरुंगापर्यंत जाऊ शकतं. कुणाच्या घरात आधीपासून असेल तर वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन करून त्यांच्या ताब्यात द्यायचं, गपचूप टेकडीवर नेऊन सोडायचं नाही.

तू मात्र आज संध्याकाळी एवढंच कर. दोघांना वेगळं ठेव, आणि दिव्याखालचा आकडा मला पाठव. धाकट्या कासवाचं वजनही पाठव त्याबरोबर. व्हेटची वेळ आत्ताच घेऊन ठेव, लागली नाही तर रद्द करता येते.