देवाची निवड आणि सर्वांचे तारण

शास्त्राचे वाचन थोडे मन लावून करू लागणाऱ्या प्रत्येक मुलापुढे एक प्रश्न केव्हा ना केव्हा उभा राहतो. देवाने आपले लोक जगाच्या उत्पत्तीपूर्वीच निवडले असतील, तर त्याला सर्वांचे तारण हवे आहे असे कसे म्हणावे? आणि त्याला सर्वांचे तारण हवे असेल, तर ते सर्वांस प्राप्त का होत नाही? हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. वर्गातील एखादा सोबती सहज विचारतो, "माझी आजी तुमच्या देवाने निवडली नव्हती काय?" तेव्हा तो आपल्या अंगणात येऊन उभा राहतो. म्हणून त्याचा यथामति विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम शास्त्रवचने समोर ठेवू. ती दोन प्रकारची आहेत. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल आपल्या वाचकांस सांगतो की, जग निर्माण होण्यापूर्वीच ख्रिस्ताच्या ठायी त्यांची निवड झाली होती. रोमकरांस पत्र, अध्याय ९ यात कुंभार आणि माती यांचा दृष्टांत आहे. पित्याने ओढून आणिल्यावाचून आपणाकडे कोणी येऊ शकत नाही, असे प्रभूचे वचन योहानकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात आढळते. दुसऱ्या बाजूस तीमथ्याच्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय आणि पेत्राच्या दुसऱ्या पत्राचा तिसरा अध्याय सांगतात की, सर्व माणसांचे तारण व्हावे, कोणाचाही नाश होऊ नये, हीच देवाची इच्छा आहे. दुर्जनाच्या मरणाने देवास संतोष होत नाही, असे यहेज्केल संदेष्टा सांगतो. यरुशलेमेसाठी शोक करिताना प्रभूने पिलांस पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीची उपमा दिली आणि नगरानेच येण्याचे नाकारिले असा ठपका ठेविला. यांपैकी एकाच बाजूची वचने जो पाठ करितो, त्याने शास्त्र अर्धेच ऐकिले असे समजावे.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. आपल्या मावळात मूल जन्मल्यावर सटवाई येऊन त्याच्या कपाळी लेख लिहून जाते, अशी समजूत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. पुष्कळांस वाटते की, ख्रिस्ती लोक ज्यास निवड म्हणतात, ती या लेखाचेच दुसरे नाव होय. तसे नाही. कपाळीचा लेख कोणाची वाट पाहत नाही आणि कोणावर प्रीतीही करीत नाही. प्रारब्ध म्हणावे, तर ते मागील कर्माचे फळ. शास्त्रातील निवड मात्र प्रीति करणाऱ्या पित्याची आहे, आणि ती कोणाच्या कर्माचे वेतन म्हणून मिळत नाही. शिवाय लेखावर भिस्त ठेवणारा हातावर हात ठेवून बसतो. देवाने अब्राहामास निवडिले ते त्यास उठवून मार्गास लावण्यासाठी. आणि त्याच्या द्वारे पृथ्वीवरील सर्व कुळांस आशीर्वाद मिळावा, असा त्या निवडीचा हेतु उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायात स्पष्ट सांगितला आहे. एकाची निवड, ती सर्वांसाठी, हे सूत्र विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात ठेवावे.

मंडळीच्या इतिहासात हा वाद फार जुना आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी पेलागियसने असे प्रतिपादन केले की, मनुष्य आपल्या इच्छेच्या बळावर सन्मार्गाने चालू शकतो. ऑगस्टिनने (३५४–४३०) त्यास उत्तर दिले की, कृपेने आधी हात धरिल्यावाचून मनुष्य देवाकडे वळतच नाही. इ. स. ५२९ मध्ये ऑरेंज येथे भरलेल्या धर्मसभेने कृपेचे अग्रत्व मान्य केले, परंतु देवाने कोणास पापासाठी नेमून ठेविले आहे, हे मत धिक्कारिले. धर्मसुधारणेच्या काळी कॅल्विनने (१५०९–१५६४) निवडीचा सिद्धांत अतिशय कडक रीतीने मांडिला; तथापि या गूढात कुतूहलाने डोकावू नये, असा इशाराही त्यानेच दिला. पुढे हॉलंडात आर्मिनियसच्या अनुयायांनी १६१० साली हरकत घेतली की, ख्रिस्त सर्वांसाठी मेला आणि मनुष्य कृपेचा अव्हेर करू शकतो. त्यांचे मत १६१८–१९ च्या डॉर्ट येथील सभेने अमान्य केले. मात्र शुभवर्तमान भेदभाव न करिता सर्वांस सांगितले पाहिजे, असे त्याच सभेने नमूद करून ठेविले आहे.

हा वाद परक्या मुलखातच राहिला असे नाही. तो महाराष्ट्रातही आला. देवाने आपले लोक निवडिलेच आहेत, तर सर्वांस आमंत्रण देणे कशाला, असे अठराव्या शतकात इंग्लंडातील काही बॅप्टिस्ट म्हणत. विल्यम केरी हाही निवड मानणाराच होता. परंतु देव ज्या साधनांनी आपल्या लोकांस बोलावितो, ती साधने वापरणे हे आपले कर्तव्य होय, असे त्याने १७९२ साली लिहिलेल्या पुस्तकात प्रतिपादिले, आणि दुसऱ्याच वर्षी तो बंगालला आला. सेरामपूरच्या त्याच्या छापखान्यातून १८११ साली मराठी नवा करार निघाला. निवडीवर श्रद्धा असणाऱ्या मनुष्याने आपल्या भाषेतील सर्वांपुढे शुभवर्तमान ठेविले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

१८२९ साली मुंबईस आलेले डॉ. जॉन विल्सन हे स्कॉटलंडच्या मंडळीचे होते, व तिचा विश्वासांगीकार कॅल्विनच्या मताचा होता. विल्सन पुढे ज्या फ्री चर्चमध्ये गेले, त्याच मंडळीने १८९२ साली ठराव करून जाहीर केले की, देवाच्या संकल्पाची शिकवण सर्व मनुष्यजातीवरील त्याच्या प्रीतीस सोडून सांगावयाची नाही, आणि कोणी आपल्या पापावाचून केवळ नेमणुकीने नाश पावतो, असे ही मंडळी शिकवीत नाही. मुंबईत १८७१–७२ पासून विल्यम टेलर यांच्या प्रचाराने मेथडिस्ट मंडळी उभी राहिली. ती वेस्लीच्या मताची, म्हणजे देव प्रत्येकास आधीच कृपा पुरवितो व मनुष्य ती स्वीकारितो किंवा नाकारितो, असे मानणारी. पुढे १९७० साली नागपूर येथे उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली, तेव्हा प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल परंपरेचे लोक आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट एका छत्राखाली आले. वादाचा निकाल लागला म्हणून ते एकत्र आले नाहीत. एकाच प्रभूच्या मेजावर बसण्यास हा वाद आड येत नाही, हे त्यांस उमगले. स्वतः वेस्ली आणि व्हाइटफील्ड यांच्यात याच प्रश्नावरून तीव्र मतभेद होता. तरी १७७० साली व्हाइटफील्ड वारल्यावर लंडनात त्याच्यासाठी स्मारकोपदेश केला तो वेस्लीनेच.

आता जवळचे उदाहरण घेऊ. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर पडणाऱ्या पावसाचे दोन भाग होतात. पश्चिमेचे पाणी दऱ्यांतून उल्हास नदीस मिळून अरबी समुद्रास जाते. पूर्वेचे इंद्रायणीतून मावळ, देहू, आळंदी करीत तुळापुरास भीमेला, पुढे कृष्णेला आणि अखेर बंगालच्या उपसागरास मिळते. थेंब ज्या उतारावर पडला, तेथेच त्याचे ठरले! निवडीचा अर्थ पुष्कळ लोक असाच करितात. परंतु खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले, आणि पूर्वेस जावयाचे इंद्रायणीच्या खोऱ्यातील पाणी वळवणच्या धरणात अडवून नळांनी घाटाखाली पश्चिमेस नेण्यात येऊ लागले. उतार ठरलेला असला तरी वळविणारा वळवू शकतो. पाण्याने स्वतःस वळविले नाही, हे ऑगस्टिनचे म्हणणे. मनुष्य पाण्यासारखा जड नसून वळविणाऱ्यास नकार देऊ शकतो, हे वेस्लीचे म्हणणे. दोहोंतही सत्य आहे. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौलाने दोन्ही गोष्टी एकाच श्वासात सांगितल्या आहेत: आपले तारण कष्टाने साधावयास लावतो, आणि ते साधविणारा देव होय असेही म्हणतो.

मग आपण काय धरून चालावे? आमच्या मते दोन नियम पुरेसे आहेत. निवडीची वचने मनुष्याने स्वतःकडे पाहताना वाचावी, म्हणजे तारणाचा गर्व न होता कृतज्ञता उपजेल. सर्वांच्या तारणाची वचने दुसऱ्याकडे पाहताना वाचावी, म्हणजे कोणास परका अथवा टाकलेला म्हणण्यास जीभ वळणार नाही. ही अदलाबदल झाली की घात होतो: निवडीचा उपयोग शेजाऱ्यास मोजण्यासाठी होतो आणि देवाची दया आपल्या आळसाची सबब बनते. तारण पावणारे थोडे आहेत काय, असे एकाने प्रभूस विचारिले, तेव्हा प्रभूने संख्या सांगितली नाही. अरुंद दाराने आत जाण्याचा नेट धर, एवढेच सुचविले (लूक, अध्याय १३). म्हणून सोबत्याने आजीविषयी विचारिले, तर तिचे नाव कोणत्याही यादीत लिहिण्याचा अधिकार आपणास नाही, असे नम्रपणे सांगावे. न्याय करणारा कोणाच्याही मरणाने संतोष न पावणारा आहे, हेही सांगावे. आणि त्या सोबत्याच्या दुःखात त्याच्याजवळ बसावे.

पालकांस एक विनंती आहे. "याच्या नशिबी विद्या नाही," "हिचे काही व्हावयाचे नाही," अशी वाक्ये घरोघर, आणि शाळांतूनही, ऐकू येतात. जो निर्णय ऑरेंजच्या सभेने देवाच्या तोंडी घालू दिला नाही, तो दहा वर्षांच्या लेकरावर आपण लादावा काय? ज्या पित्याला एकाही लहानाचा नाश नको आहे, त्याच्या घरात मुलांस वाढवावयाचे, तर त्यांस शेवटपर्यंत हाक मारीत राहणे हेच आपले काम होय. आणि विद्यार्थिमित्रहो, आपण निवडिलेले आहो की नाही याची चिंता वाहत बसू नका. हाक ऐकू येत असेल, तर ओ देऊन उठा.