‘घमंडी’ म्हणण्याआधी

लग्नात बँड सुरू झाला की मंडपाबाहेर जाऊन उभा राहणारा, ‘या एकदा जेवायला’ म्हटलं की दुसऱ्याच दिवशी दारात हजर होणारा, मयतीच्या घरी सगळे गप्प असताना ‘नेमका आजार काय होता?’ असं विचारणारा माणूस तुमच्याही नात्यात असेल. रिसोड असो की मानोरा, त्याला घमंडी, माणूसघाणा, अर्धवट म्हणून लोक मोकळे होतात. घरातली सून अशी असली तर ती तुसडी ठरते. यातल्या काहींना स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम असतो आणि तिशी-चाळिशी उलटली तरी ते कुणाच्या ध्यानात आलेलं नसतं.

स्वमग्नता ही मेंदूची जन्मापासूनची वेगळी घडण आहे. आईवडिलांचे संस्कार कमी पडल्याने ती होत नाही. अनेकांना गोंगाट, गर्दी सहन होत नाही, आडून बोललेलं चटकन उमगत नाही. माया मात्र असते, ती आपल्या ओळखीच्या रीतीने दिसत नाही एवढंच. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश संशोधक डेमियन मिल्टन यांनी 2012 मध्ये मांडलं, की हा गैरसमज दुहेरी आहे: स्वमग्न माणसाला आपण कळत नाही, तसा आपल्यालाही तो कळत नाही. मला हे पूर्ण पटतं. तरी जुळवून घेण्याचं सगळं ओझं त्याच्यावरच पडतं. चारचौघांसारखं वागून दाखवण्यात तो थकतो; चिंता आणि नैराश्य या मंडळींत बरंच आढळतं.

म्हणून त्याच्याशी सरळ बोला. ‘बघू कधीतरी’ऐवजी ‘रविवारी अकराला या’ म्हणा. नजरेला नजर देण्याचा हट्ट धरू नका. समारंभातून लवकर निघाला तर निघू द्या. आणि ‘लग्न लावून दिलं की सुधारेल’ हा सल्ला कृपा करून कुणी देऊ नये. त्यात दोन आयुष्यं भरडली जातात.

रक्ततपासणीने किंवा एमआरआयने स्वमग्नतेचं निदान होत नाही. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाताना लहानपण पाहिलेलं माणूस, आई किंवा थोरलं भावंड, सोबत न्या. स्वमग्नता घालवणारं औषध नाही. चिंता-नैराश्यावर मात्र उपचार आहेत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत स्वमग्नता आहे आणि किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर सरकारी नोकरीत आरक्षणही आहे.

जीव नकोसा वाटत असेल तर भेटीच्या तारखेची वाट पाहू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही सुरू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.