केसांना तेल कोणते व कसे लावावे?

केस कातरला तर दुखत नाही, पण ओढला तर दुखतो. असे का? बाईंनी आम्हाला सांगितले की, केसाचा बाहेर दिसणारा भाग निर्जीव असतो. जिवंत मूळ कातडीच्या आत असते. तेथून केस दर महिन्याला साधारण १ सेंटिमीटर, कधी थोडा जास्त वाढतो. मी माझा केस शाळेच्या पट्टीने मोजला. तो ६० सेंटिमीटर भरला. म्हणजे माझ्या केसांचे शेंडे चार-पाच वर्षांचे जुने आहेत. मी अंगणवाडीत खिचडी खात होते तेव्हाचे! तेवढ्या वर्षांत त्यांनी ऊन, वारा, धूळ, फणी सगळे सोसले. म्हणून शेंडेच आधी फाटतात. तेलाची खरी गरज त्यांना आहे. आपण मात्र सगळे तेल टाळूवर थापतो.

माझी आजी म्हणते, "त्येल लावलं की केस गुडघ्याला टेकत्यात." पण तेलाने केस जोरात वाढत नाही. तेलाने गुंता लवकर सुटतो व केस तुटत नाही. जो तुटत नाही तो लांब होतो. म्हणजे आजीचे पण थोडे खरेच आहे.

आता तेल कोणते घ्यावे? आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात नारळ फार होत नाही, खोबरे बाहेरून येते. आपल्याकडे करडई, तीळ, शेंगदाणा, सूर्यफूल, जवस ही तेले घरात असतात. करडईचे तेल भाजीला चांगले. पण ते पातळ थरात हवेवर राहिले की हळूहळू चिकट होते. जवसाचे तर फारच, म्हणून ते रंगात घालतात. ते केसांत काय कामाचे? शेंगदाण्याच्या तेलाचा वास जात नाही. तिळाचे चांगले आहे. एरंडेल फार घट्ट असते, ते दोन-चार थेंबच दुसऱ्या तेलात मिसळावे. नाहीतर न्हाताना निघता निघत नाही.

सगळ्यात चांगले खोबरेल. ते केसाच्या आत शिरते, पुष्कळशी दुसरी तेले वरच राहतात. मुंबईच्या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफुलाचे तेल व खनिज तेल केसांना लावून पाहिले. केसातले प्रथिन वाया जाणे फक्त खोबरेलने कमी झाले. ते संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतले होते, हे पण बाईंनी सांगितले. खनिज तेल म्हणजे जमिनीतल्या खनिज तेलापासून काढलेले. वासाच्या बाटल्यांत पुष्कळदा तेच असते. बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेले असते, वाचून पाहा. थंडीत २४ अंशाच्या खाली खोबरेल गोठते. ते खराब झालेले नसते. बाटली उन्हात ठेवावी, चुलीवर ठेवू नये.

केस पाण्यात फुगतो व वाळला की आकसतो. असे सारखे झाले की तो कमजोर होतो. म्हणून तेल न्हाण्याच्या आधी लावावे, म्हणजे पाणी आत कमी शिरते. आमच्या बोअरचे पाणी जड आहे. साबण लावला की केसांवर पांढरा साका बसतो. शिकेकाईने तसे होत नाही. पण डोळ्यांत गेली तर लई झोंबते!

आमच्या पाथर्डी तालुक्यातले पुष्कळ लोक दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. आईबाप कारखान्यावर गेले की मुली आजीजवळ राहतात. मग केस कोण विंचरणार, पाणी कोण तापवणार, म्हणून मुलींचे केस कापून टाकतात. माझ्या आईने पण यंदा कातर काढली होती. मी म्हणाले, "आई, माझं डोकं मीच करीन." आई म्हणाली, "आठ दिवस बघते."

मी असे केले. चमचाभर तेल हातावर घेतले. आधी शेंड्यांना, मग मधल्या केसांना, उरले ते टाळूला. तेल थोडे घेतले तर एका बादलीत न्हाणे होते, जास्त घेतले तर दोन बादल्या लागतात. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो, म्हणून हे महत्त्वाचे आहे. विंचरताना खालून सुरुवात केली. वरून ओढले की गाठ घट्ट होते. रोज ५० ते १०० केस गळणारच, त्याला भिऊ नये. नवव्या दिवशी आईने कातर परत पेटीत ठेवली.

उवांचे पण सांगते. नुसत्या तेलाने सगळ्या उवा मरत नाहीत, त्या फक्त सुस्त होतात. तेव्हा बारीक दाताच्या फणीने काढाव्यात. लिखा केसाला चिकटलेल्या असतात. त्या आठ-दहा दिवसांत फुटतात, म्हणून दोन-तीन आठवडे फणी फिरवावी लागते. काही जण रॉकेल लावतात. ते फार वाईट. कातडी भाजते व चुलीजवळ गेले तर पेट घेते.

आजी माक्याचे तेल करते. माक्याचा पाला वाटून तेलात घालायचा व मंद आचेवर कढवायचे. पाणी आटले की चरचर थांबते. मग कापसाची वात त्या तेलात बुडवून पेटवायची. वात तडतडली तर पाणी राहिले आहे, ते तेल पुढे खराब होते. हे काम मोठ्या माणसांनीच करावे, तेल अंगावर उडते. मी फक्त पाला आणून देते. माक्याचे झाड वीतभर असते, फुले बारीक पांढरी. पान चोळले की बोटे काळी होतात, तीच त्याची खूण. ज्यांना पाहायचे आहे त्यांनी शाळेच्या हापशामागे ओल आहे तिथे बघावे, पण सगळे उपटू नये.